सेमिनरीतील भावनिक जडणघडण: उमेदवाराने स्वतः करावयाचे काम

कॅथलिक धर्मगुरूच्या प्रशिक्षणाचे चार पैलू मानले जातात: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाकार्याचा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ मार्च १९९२ च्या ‘पास्तोरेस दाबो वोबिस’ या पत्रात यांपैकी पहिल्या पैलूला साऱ्या प्रशिक्षणाचा पाया म्हटले. ८ डिसेंबर २०१६ रोजी रोमने दिलेल्या नव्या आराखड्यात हे चारही पैलू कायम राहिले आणि ते एकमेकांत गुंफलेले असावेत असा आग्रह धरला गेला. प्रत्यक्षात मात्र तत्त्वज्ञानाची परीक्षा होते, ईशज्ञानाची होते, प्रवचनाचा सराव वर्गात तपासला जातो. मनाच्या वाढीसाठी प्रश्नपत्रिका नसते, त्यामुळे ती खुंटली तरी कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. बहुधा ती लक्षात येते ती गुरुदीक्षेनंतर, एखाद्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), जेव्हा साध्या मतभेदावरून फादर सहकाऱ्यांवर कडाडतात किंवा संध्याकाळच्या एकटेपणाला तोंड देता न आल्याने भलत्या आधाराकडे वळतात.

हे मार्गदर्शन सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या निवासी प्रशिक्षणसंस्थेत, असलेल्या किंवा लवकरच जाणार असलेल्या तरुणांसाठी आहे. त्यातील मुख्य मुद्दा आधीच मांडतो. वेळापत्रक पाळणे म्हणजे परिपक्वता नव्हे. घंटेबरोबर उठणारा, कधी उलट न बोलणारा, सर्वांना आवडणारा ब्रदर (सेमिनरीतील विद्यार्थी) मनाने अगदी कोवळा राहिलेला असू शकतो, कारण त्याने आपले खरे मन कोणासमोर उघडलेलेच नसते. दोन्ही दस्तऐवज उमेदवाराला स्वतःच्या जडणघडणीतला अपरिहार्य कर्ता मानतात. पवित्र आत्मा काम करतो, रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) आणि प्रशिक्षक फादर साहाय्य करतात, पण तुमच्या वतीने प्रामाणिक होणे त्यांपैकी कोणालाही शक्य नाही. पुढे जे काही सुचवले आहे ते सगळे या एका प्रामाणिकपणाच्या सोयीसाठी आहे.

कोणती गोष्ट कोणाला सांगावी

सेमिनरीत दोन प्रकारचे संवाद चालतात आणि त्यांतला फरक पहिल्याच महिन्यात नीट समजून घ्यावा. एक संवाद रेक्टर व प्रशिक्षक फादरांशी असतो. तो बाह्य क्षेत्रातला. त्यावरून तुमचे वार्षिक मूल्यमापन होते आणि पुढच्या टप्प्यावर जाण्याचा निर्णयही होतो. दुसरा संवाद आध्यात्मिक मार्गदर्शकाशी आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूशी असतो. तो अंतःक्षेत्रातला आणि गुप्त. चर्चच्या कायदासंहितेतील कॅनन (कलम) २४० नुसार, एखाद्याला दीक्षेसाठी स्वीकारावे की सेमिनरीतून काढावे याचा निर्णय घेताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही मागता येत नाही. कॅनन ९८५ रेक्टरला आपल्याच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकण्यास मनाई करतो. एखाद्या विशिष्ट प्रसंगी विद्यार्थ्याने स्वतःहून विनंती केली तरच अपवाद होतो. ही तरतूद उगाच नाही. ज्याच्या हातात तुमचे भवितव्य आहे त्याच्यासमोर मन मोकळे करण्याची सक्ती झाली, तर माणूस मन झाकायलाच शिकेल.

म्हणून आध्यात्मिक मार्गदर्शकापासून काहीही लपवू नये. लैंगिक संघर्ष, श्रद्धेतील शंका, घरातील व्यसन, लहानपणी झालेला अत्याचार, आपल्याला खरोखर धर्मगुरू व्हायचे आहे का हा प्रश्न, हे सारे तेथे मांडावे. मार्गदर्शकाची निवड स्वतः करावी. कॅनन २४६ प्रत्येकाने आपला मार्गदर्शक मोकळेपणाने निवडावा अशी शिफारस करतो, आणि कॅनन २३९ नुसार सेमिनरीत नेमलेल्या मार्गदर्शकाखेरीज बिशपांनी या कामासाठी नेमलेल्या अन्य धर्मगुरूंकडेही जाता येते. जो आपल्याला नेहमी बरे वाटेल असेच बोलतो त्याच्यापेक्षा जो शांतपणे ऐकतो आणि अवघड प्रश्न टाळू देत नाही असा मार्गदर्शक निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वर्षात वारंवार मार्गदर्शक बदलणेही टाळावे. बहुतेकदा मूळ विषय जवळ आला की माणसाला नवा मार्गदर्शक शोधावासा वाटतो.

रेक्टरांशी बोलताना सर्व काही उघड करण्याचे बंधन नाही, पण तेथे खोटे चित्र उभे करणे हा स्वतःवरच अन्याय ठरतो. जी गोष्ट तुमच्या वागण्यातून दिसते, उदाहरणार्थ अभ्यासात लक्ष न लागणे, सतत आजारी पडणे, एखाद्या सहकाऱ्याशी अबोला, ती बाह्य क्षेत्रातही बोलली पाहिजे. कित्येकदा आध्यात्मिक मार्गदर्शकच सुचवतात की ही बाब आता तू रेक्टरांना स्वतः सांग. ते स्वतः जाऊन सांगणार नाहीत. ते पाऊल तुम्हालाच उचलायचे असते, आणि त्या पावलानेच पुष्कळ वाढ होते.

आध्यात्मिक मार्गदर्शकाशी महिन्यातून निदान एकदा होणाऱ्या भेटीची तयारी करावी. “सगळे ठीक आहे, फादर” या वाक्याने सुरुवात झाली की अर्धा तास हवापाण्याच्या गप्पांत जातो. आदल्या दिवशी गेल्या काही आठवड्यांतला एक प्रसंग निवडावा, ज्यात मन जोराने हलले होते, आनंदाने किंवा दुःखाने. काय घडले, तेव्हा काय वाटले, आपण काय केले आणि त्यानंतर प्रार्थनेत काय झाले हे चार-पाच ओळींत लिहून काढावे. शेवटी स्वतःला विचारावे: आजच्या भेटीत मला कोणती गोष्ट सांगायची नाही? जे उत्तर येईल त्यानेच भेटीची सुरुवात करावी.

मनात काय चालले आहे ते ओळखणे

आपल्याकडील अनेक मुलांना घरात भावना बोलून दाखवण्याची सवय नसते. वडिलांशी बोलणे कामापुरते. आईशी जवळीक असली तरी मोठ्या मुलाने रडू नये ही अपेक्षा असते. त्यात सेमिनरीचा सारा व्यवहार इंग्रजीत होतो. वसईचा मुलगा घरी सामवेदी किंवा कुपारी बोलतो, गोव्याचा कोकणी, नाशिक-औरंगाबादकडचा मराठी. पुण्याच्या पेपल सेमिनरीसारख्या ठिकाणी तर देशभरातील धर्मप्रांतांचे विद्यार्थी एकत्र राहतात, आणि इंग्रजीत अस्खलित नसलेला नवा विद्यार्थी पहिले काही महिने जवळजवळ मुका होऊन जातो. वर्गात तो मंद वाटतो, जेवणाच्या टेबलावर लाजरा, आणि हळूहळू त्याला स्वतःलाही तसेच वाटू लागते. याला सोपा उपाय आहे: वैयक्तिक वही घरच्या भाषेत लिहावी, आणि मार्गदर्शकाला ती भाषा येत असेल तर त्या भाषेतच बोलावे. परक्या भाषेत माणूस राग आल्याचे सांगू शकतो, पण कोणता राग, कोणावरचा, किती जुना, हे सांगायला आईची भाषा लागते.

दिवसाच्या शेवटी करायच्या आत्मपरीक्षणाची रीत संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली आहे: प्रथम देवाचे आभार मानणे, मग स्वतःला पाहण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा घेणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे. बहुतेक सेमिनरींत रात्रीच्या प्रार्थनेत यासाठी काही मिनिटे दिलेली असतात आणि ती बहुधा पेंगण्यात जातात. ती परत मिळवावीत. आढावा घेताना केवळ चुका मोजू नयेत. आज केव्हा छाती भरून आली, केव्हा गळा दाटला, कोणाला पाहून पोटात गोळा आला, कोणाची स्तुती ऐकून तोंड कडू झाले, हे पाहावे. शरीर खोटे बोलत नाही. मनाने नाकारलेली भावना मान, पोट आणि झोप यांतून बाहेर पडते.

येथे एक गैरसमज आडवा येतो. भाविक घरांतील मुलांना वाटते की राग, मत्सर किंवा कामभावना मनात आली म्हणजेच पाप झाले. मग ती भावना दिसण्याआधीच ते तिच्यावर प्रार्थना अंथरतात. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाचा, १७६७ वा परिच्छेद सांगतो की भावना स्वतःहून चांगल्या किंवा वाईट नसतात. बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांच्याशी जितक्या जोडल्या जातात तितकेच त्यांचे नैतिक मूल्य ठरते. समजा, नाताळच्या गायनवृंदाचे नेतृत्व तुम्हाला हवे होते आणि ते वर्गमित्राला मिळाले. तुम्ही त्याचे अभिनंदन केलेत आणि खोलीत येऊन त्याच्या आवाजातील दोष मनात मोजू लागलात. “मला मत्सर वाटतो, कारण या घरात माझी किंमत फक्त माझ्या आवाजामुळे आहे असे मला वाटत आले आहे” एवढे देवासमोर म्हणता आले तर त्या रात्रीची प्रार्थना खरी झाली. “प्रभो, मला नम्र कर” एवढेच म्हणून झोपी गेलात तर उद्या तोच मत्सर निराळा वेष घेऊन येईल.

प्रार्थनेत मन उघडायला शिकवणारा सर्वांत जुना शिक्षक म्हणजे स्तोत्रसंहिता, आणि ती तर ब्रेव्हिअरीच्या (दैनंदिन प्रार्थनांच्या पुस्तकाच्या) रूपाने रोज तुमच्या हातात असते. शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ८८ वे स्तोत्र येते. ते अंधारातच संपते आणि शेवटी आशेची एक ओळही जोडत नाही. ५५ वे स्तोत्र जवळच्या मित्राने केलेल्या विश्वासघाताबद्दल आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ब्रेव्हिअरीची नवी रचना झाली तेव्हा शत्रूंना शाप देणारी ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे तीतून वगळली गेली. सामुदायिक प्रार्थनेसाठी तो निर्णय समजण्याजोगा आहे, पण ही स्तोत्रे बायबलमध्ये अजूनही आहेत. कोणावर भयंकर संताप आला असेल त्या दिवशी खोलीत बसून १०९ वे स्तोत्र मोठ्याने वाचावे. इतका राग देवासमोर आणता येतो हे कळल्यावर तो माणसांवर काढण्याची गरज पुष्कळ कमी होते.

राग आणि अधिकार

एका छपराखाली अनेक तरुण राहतात तेथे भांडणे होणारच: आंघोळीच्या पाण्यावरून, फुटबॉलवरून, बागेतील कामावरून, कोण कोणत्या भागातला यावरून. भांडण झालेच नाही असा गट बहुधा आतल्या आत धुमसत असतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील १८ व्या अध्यायाची रीत येथे शब्दशः पाळता येते. ज्याच्याशी बिनसले त्याच्याकडे आधी एकट्याने जावे. जाण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, पण आठवडा जाऊ देऊ नये. बोलताना घडलेली घटना सांगावी, स्वभावाची चिरफाड करू नये: “काल स्वयंपाकघरात तू सर्वांसमोर माझ्या गावाच्या बोलीची नक्कल केलीस, त्याचे मला वाईट वाटले.” मग थांबावे आणि त्याचे ऐकावे. यातून मार्ग निघाला नाही तरच तिसऱ्याला सोबत घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा व्यवहार कधीही करू नये.

अधिकाऱ्यांशी असलेले नाते अधिक खोल असते. दीक्षाविधीत उमेदवार बिशपांना आणि त्यांच्या वारसांना आदर व आज्ञापालनाचे वचन देतो. ते वचन प्रौढ माणसाने द्यावे अशी अपेक्षा असते. घाबरलेल्या मुलाच्या मुकाट ऐकण्याला आज्ञापालन म्हणता येत नाही. कडक वडिलांच्या हाताखाली वाढलेला मुलगा रेक्टरांसमोर एकतर थरथरतो किंवा प्रत्येक सूचनेत अपमान शोधतो, आणि दोन्ही वेळा समोर रेक्टर नसून वडीलच असतात. हे ओळखता आले की अर्धे ओझे उतरते. एखादा निर्णय पटत नसेल तर भेटीची वेळ मागून घ्यावी, आपले कारण दोन-तीन वाक्यांत सांगावे, निर्णयामागचे कारण विचारावे, आणि मग तो मान्य करावा किंवा, सद्सद्विवेकाचा प्रश्न असेल तर, नकार स्पष्ट शब्दांत द्यावा. पाठीमागे कुजबुजणे आणि समोर होकार देणे या सवयीने जितके धर्मगुरू आतून पोखरले जातात तितके उघड वादांनी जात नसावेत.

ब्रह्मचर्य, मैत्री आणि एकटेपण

लॅटिन परंपरेत डीकनपदाच्या, म्हणजे धर्मगुरुपदाआधीच्या पायरीच्या, दीक्षेपूर्वी उमेदवार आजन्म ब्रह्मचर्याचे वचन देतो. त्याविषयी ईशज्ञानाच्या वर्गात पुष्कळ शिकवले जाते. पण रात्री अकरा वाजता मोबाइल हातात असताना काय करावे हे त्या वर्गातून कळत नाही. म्हणून स्पष्ट बोलतो. पोर्नोग्राफी, हस्तमैथुन, एखाद्या व्यक्तीविषयीचे आकर्षण, मग ती व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, या सर्व गोष्टी आध्यात्मिक मार्गदर्शकाला नाव घेऊन सांगाव्यात. “शुद्धतेच्या बाबतीत थोडी अडचण आहे” अशा आडपडद्याच्या वाक्याने काहीही बदलत नाही. सवय केव्हा बळावते ते पाहावे. बहुधा ती कामवासनेपेक्षा कंटाळा, अपमान किंवा एकटेपणाच्या पाठोपाठ येते, आणि उपायही तेथेच शोधावा लागतो. मोबाइल रात्री खोलीबाहेर ठेवणे उपयोगी आहे, पण अपमान झाला त्या दिवशी मित्राकडे जाऊन बोलणे त्याहून अधिक उपयोगी ठरते.

ब्रह्मचारी माणसाला मैत्रीची गरज इतरांपेक्षा कमी नसून अधिक असते. तरीही काही ठिकाणी जवळच्या मैत्रीकडे अजून संशयाने पाहिले जाते, आणि त्यामुळे मुले सर्वांशी सारखे, म्हणजे सर्वांशी वरवरचे वागायला शिकतात. निरोगी मैत्री ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ती इतरांना बाहेर ठेवत नाही. ती लपवावी लागत नाही. मित्र दुसऱ्याबरोबर फिरायला गेला तर दिवस खराब होत नाही, आणि तो तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगू शकतो. अशी मैत्री सेमिनरीत एक-दोघांशी जुळली तर ती पुढे दूरदूरच्या धर्मग्रामांत काम करतानाही टिकवावी. सेमिनरीबाहेरचे मित्रही सोडू नयेत; शाळेतील सोबती, चुलत-मावस भावंडे, विवाहित जोडपी यांच्या सहवासात सामान्य माणसाच्या अडचणींचे भान राहते. २०१६ च्या आराखड्याने प्रशिक्षणात स्त्रियांच्या सहभागाचे महत्त्व स्पष्टपणे मांडले आहे. प्राध्यापक, समुपदेशक, धर्मभगिनी, धर्मग्रामातील कार्यकर्त्या यांच्याबरोबर काम करण्याची संधी मिळाली तर ती अवघडून टाळू नये. ज्याने स्त्रियांना केवळ आई, बहीण किंवा मोह या तीनच रूपांत पाहिले तो धर्मगुरू झाल्यावर त्यांचे बोलणे नीट ऐकूही शकणार नाही.

मर्यादांविषयी कोणतीही सवलत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात, वेदीसेवकांच्या सहलीत किंवा प्रत्यक्ष सेवेच्या वर्षात अल्पवयीन मुलामुलींशी वागताना एकांत टाळावा, खासगी संदेश पाठवू नयेत, भेटवस्तू देऊन जवळीक साधू नये. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि त्यात ब्रदर किंवा फादर यांना सूट नाही.

तुम्हालाच कोणा वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने लैंगिक त्रास दिला असेल, तर तो तुमचा दोष नाही आणि ते तुमचे पापही नाही. पापनिवेदनात सांगितल्याने तक्रार नोंदली जात नाही, कारण ऐकणारा धर्मगुरू पापनिवेदनाच्या गुप्ततेने बांधलेला असतो. म्हणून तक्रार बाहेर, स्वतंत्रपणे करावी. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ रोजी काढलेल्या ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ या आदेशाने अधिकाराचा गैरवापर करून केलेली लैंगिक बळजोरीही कारवाईच्या कक्षेत आणली आणि प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची कायम व्यवस्था ठेवण्यास सांगितले. तक्रार लेखी द्यावी, प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि विश्वासातील एका बाहेरच्या प्रौढ व्यक्तीला तिची माहिती द्यावी. देशाच्या कायद्यानुसार पोलिसांकडे जाण्याचा हक्क त्याने कमी होत नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे

काही जखमा प्रार्थनेने आणि मैत्रीने भरत नाहीत, त्यांना तज्ज्ञाचा हात लागतो. रोमने २००८ साली प्रवेश व प्रशिक्षणात मानसशास्त्राच्या वापराविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार उमेदवाराची पूर्वसंमती हवी, आणि ती स्पष्ट, माहितीपूर्ण व मुक्त हवी. प्रशिक्षकांनी सुचवलेल्यांपैकी तज्ज्ञ निवडता येतो किंवा स्वतः निवडून प्रशिक्षकांची मान्यता घेता येते. याच्या मुळाशी कॅनन २२० मधील खासगीपणाचा हक्क आहे. म्हणून चाचणीपूर्वी निःसंकोच विचारावे: अहवाल कोण वाचणार, तो कोठे राहणार, किती काळ? असे विचारणे उद्धटपणा नाही.

आपल्या भागाला या कामाची परंपरा आहे. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली ‘साधना’ संस्था समुपदेशन व प्रार्थना यांची सांगड घालण्यासाठी ओळखली जाते. तरीही गावाकडे “डोक्याच्या डॉक्टरकडे जातो म्हणजे बिघडला” ही समजूत आहे आणि ती सेमिनरीच्या दारापाशी थांबत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, सकाळी उठणे अशक्य होत असेल, तर त्याला आध्यात्मिक रुक्षता समजून अधिक उपास करू नये, डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा अहोरात्र आणि मराठीतही उपलब्ध आहे.

घर, गाव आणि ‘ब्रदर’

सेमिनरीत गेलेला मुलगा गावात पाऊल ठेवतो तेव्हा तो कोणाचा मुलगा न राहता ‘ब्रदर’ होतो. वसईच्या गावांत किंवा गोव्याच्या वाड्यावर त्याला जेवणात पहिले पान, खुर्चीचा मान, आजीचे हात जोडणे हे सारे विशीतच मिळू लागते. प्रेमापोटी केलेल्या या गोष्टी नाकारून लोकांना दुखवू नये, पण त्यांची सवयही लागू देऊ नये. सुटीत घरी भांडी घासावीत, वाडीत पाणी लावावे, आजारी आजोबांचे अंथरूण बदलावे, बहिणीच्या कॉलेजच्या अडचणी ऐकाव्यात. पैशाचा हिशेब लिहावा आणि पाकिटातून मिळालेल्या भेटींचाही लिहावा. प्रत्यक्ष सेवेच्या वर्षात, म्हणजे रीजन्सीत, हे अधिक कसोटीला लागते. सेमिनरीची घंटा नसताना तुम्ही केव्हा उठता, कधी प्रार्थना करता आणि शिपायाशी कसे बोलता, यावरून तुमच्याविषयी जे कळते ते चार वर्षांच्या वर्गातून कळत नाही.

घराचा दुसरा भार कमी दिसतो. आईने नवस केला होता, मामा धर्मगुरू होते, गावातून बऱ्याच वर्षांत कोणी गेलेले नाही, म्हणून काही मुले स्वतःच्या पाचारणाचा (देवाच्या बोलावण्याचा) प्रश्नच विचारत नाहीत. पूर्वतयारीच्या काळातच, जो २०१६ च्या आराखड्यानुसार एकाहून कमी आणि दोनांहून अधिक वर्षांचा नसावा, हा प्रश्न शांतपणे विचारून पाहावा: घरचे उद्या म्हणाले की तू परत आलास तरी आम्हाला आनंदच आहे, तर मी काय करीन? उत्तर लगेच येणार नाही. ते मार्गदर्शकाजवळ पुन्हा पुन्हा उघडावे.

मूल्यमापन आणि निर्णय

वार्षिक मूल्यमापन हाती आले की पहिल्या दिवशी फक्त वाचावे आणि कोणाशी चर्चा करू नये. दुसऱ्या दिवशी, त्यातील कोणत्या वाक्याने सर्वाधिक टोचले ते शोधावे. बहुधा तेथेच काम असते. जे अन्यायाचे वाटते त्याचे उदाहरण रेक्टरांना विचारावे. “तो फारसा मिसळत नाही” या शेऱ्यापेक्षा कोणत्या प्रसंगी तसे दिसले हे कळले तर सुधारणा करता येते. मागील दोन वर्षांची मूल्यमापनेही शेजारी ठेवून पाहावीत. तोच शेरा तीन निरनिराळ्या प्रशिक्षकांनी दिला असेल तर त्यांच्या पूर्वग्रहाचा युक्तिवाद सोडून द्यावा.

ज्याला सेमिनरी सोडावीशी वाटते त्याने रात्रीतून सामान बांधू नये. मार्गदर्शकाशी काही आठवडे बोलावे, रेक्टरांना स्वतः सांगावे, वर्गमित्रांचा निरोप घ्यावा, आणि घरी फोनवर न सांगता शक्य तर समोर बसून सांगावे. नंतरचे पहिले वर्ष जड जाते: गावातले प्रश्न, नोकरीचा शोध, रविवारी मिस्साला कोणत्या बाकावर बसावे याचीही लाज. अशा मुलाला धर्मग्रामाने आणि त्याच्या जुन्या वर्गमित्रांनी विसरू नये. सोडून गेलेल्याचा फोन न उचलणारा वर्गमित्र उद्या इतरांच्या अपयशाशी कसा वागेल, हा प्रश्न मला अतिशय गंभीर वाटतो.

जो पुढे जातो त्याला दीक्षेपूर्वी कॅनन १०३६ नुसार स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून स्वाक्षरी केलेले निवेदन द्यावे लागते: मी स्वतःहून व मोकळेपणाने ही दीक्षा घेत आहे आणि आजन्म या सेवेला वाहून घेणार आहे. कोणत्याही प्रकारे कोणाला दीक्षेसाठी भाग पाडणे कॅनन १०२६ ने पूर्णपणे निषिद्ध ठरवले आहे. धर्मगुरुपदासाठी वयाची २५ वर्षे आणि पुरेशी परिपक्वता, तसेच डीकनपद व धर्मगुरुपद यांत किमान सहा महिन्यांचे अंतर, असे कॅनन १०३१ सांगतो. त्या निवेदनाचा तयार नमुना उतरवून काढण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वाक्य मार्गदर्शकासमोर मोठ्याने वाचावे, आणि ज्या वाक्यावर आवाज अडखळेल तेथे थांबून ते बोलून घ्यावे. तारीख ठरली, पत्रिका छापल्या, मंडप सांगितला, तरी त्या अडखळण्याला अधिक महत्त्व द्यावे. दीक्षा पुढे ढकलता येते.

दीक्षेनंतर पहिल्या धर्मग्रामात रुजू होण्यापूर्वी आणखी एक व्यवस्था करून ठेवावी. सेमिनरीतला आध्यात्मिक मार्गदर्शक आता रोज शेजारी नसेल, म्हणून नवा मार्गदर्शक ठरवावा, त्याच्याशी भेटीचा दिवस निश्चित करावा, आणि आपल्या वर्गमित्रांपैकी दोघा-तिघांनी महिन्यातून एकदा एकत्र जेवण्याचे ठरवावे. धर्मग्रामातील कामाच्या पहिल्याच आठवड्यात ही तारीख मोडण्यासाठी एखादे चांगले कारण समोर येईल. तरीही जावे.